साल वरच असतं

गुढीपाडवा आठवड्यावर आला की आमच्या शहरातल्या क्रांती चौकात फलक लागायला सुरुवात होते. वर भाऊ, दादा, अण्णा अशी सोळा तोंडं, मधोमध गुढी आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'जगातील सर्वात प्राचीन कालगणनेचे नवे वर्ष'. गेल्या पाडव्याला अशाच एका फलकावर शकाचा आकडा चक्क चुकलेला होता. सोळा तोंडांपैकी एकालाही ते कळलं नव्हतं. मी चष्म्याची काडी बसवून घ्यायला तिथल्या एका दुकानात गेलो होतो, राहवलं नाही म्हणून दुकानदाराला ती चूक दाखवली. तो म्हणाला, "काका, एखादा आकडा इकडंतिकडं. शुभेच्छा पोहोचल्याशी मतलब." जगातल्या सर्वात प्राचीन कालगणनेबद्दल आपल्या लोकांना किती आस्था आहे ते एवढ्यावरून समजावं.

मी तीस वर्षं हेच एखाददुसरे आकडे शोधत हिंडलो. आमचं खातं जुन्या वस्तूंचं. माझ्या हुद्द्याचं नाव इतकं लांब होतं की सहीच्या रकान्यात मावायचं नाही, काम मात्र चार शब्दांत सांगता येतं: दगडावरचे लेख कागदावर उतरवायचे. आधी दगड धुवायचा. शेंदूर, तेल, चुना, कुणी तरी खिळ्यानं कोरलेला बदाम आणि त्यातलं प्रेयसीचं नाव, यातलं निघेल तेवढं काढायचं. मग त्यावर जाड, मऊ कागद ओला करून पसरायचा आणि ताठ केसांच्या ब्रशनं धोपटायचा, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत जाऊन बसतो. अर्धवट वाळला की कापडाच्या गादीनं शाई थोपटायची. दगडाचा सपाट भाग काळा होतो, खाचा पांढऱ्या राहतात. याला आम्ही ठसा म्हणतो. आमच्या सौभाग्यवती याला धुणं म्हणतात, आणि घरी कधी धोपटलं नाही एवढं सरकारी दगडांना धोपटलं असंही म्हणतात.

ठसा घेतला की सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर जाते. साल कुठलं? दान कुणी दिलं, का दिलं, कुणाला दिलं याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. आणि लोकांची अपेक्षा अशी की दगडावर इंग्रजी तारीख असेल, भिंतीवरच्या कॅलेंडरात असते तशी.

जुन्या लोकांची पद्धत निराळी होती. दोन हजार वर्षांपूर्वी इकडं सातवाहनांचं राज्य, पैठण त्यांची राजधानी. त्यांच्या लेखात साल असं यायचं: अमक्या राजाचं सातवं वर्ष, पावसाळ्याचा चौथा पंधरवडा, पाचवा दिवस. म्हणजे साल राजाच्या मालकीचं. राजा गेला की साल संपलं, नवा गादीवर बसला की पुन्हा एकपासून मोजणी. पहिल्या वर्षाच्या आधी काय होतं ते विचारायचं नाही. न थांबता पुढं चालत राहणारा शक पुढं हळूहळू रुळला. जोडीला साठ वर्षांची साठ नावं, म्हणजे संवत्सरं, प्रभवापासून क्षयापर्यंत, साठ झाली की पुन्हा पहिलं. गंमत अशी की हा आकडा आणि हे नाव एकमेकांवर पहारा ठेवतात. शकात बारा मिळवा, साठनं भागा, बाकी उरेल त्या क्रमांकाचं नाव लेखात असलं पाहिजे. नसेल तर कोरणारा चुकला, वाचणारा चुकला किंवा कुणीतरी बनवाबनवी केली. एवढं साधं गणित चौथीतल्या मुलाला येतं. आमच्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांना ते येत नसे.

असेच एक तालेवार गृहस्थ एकदा ताम्रपट घेऊन आले. पांढरे कपडे, बोटांत चार अंगठ्या, बरोबर दोन माणसं फक्त दार उघडायला. घराण्याला प्रत्यक्ष शालिवाहनानं गाव दिलं होतं म्हणे, आणि तसा हा तांब्याचा पत्रा. मी वाचला. त्यावर 'शालिवाहन शके ३' असं लिहिलं होतं. मी विचारलं, हा पत्रा कुठं घडवला. ते म्हणाले, पूर्वजांनी. मी त्यांना समजावून सांगितलं की शक सुरू झाला तेव्हा त्याला शालिवाहनाचं नाव नव्हतं, ते नाव त्याला चिकटायला हजारेक वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी कुणी 'शालिवाहन शके' लिहिणं म्हणजे पणजोबांच्या लग्नपत्रिकेवर मोबाईल नंबर छापणं. शिवाय अक्षरं आजची, अगदी शाळेच्या फळ्यावरची. गृहस्थ रागावले नाहीत. उठले, पत्रा पिशवीत घातला आणि म्हणाले, "तुम्ही नका देऊ सर्टिफिकेट, दुसरे देतील." दुसऱ्यांनी दिलं. त्या पत्र्याची मिरवणूकही निघाली, ढोलताशे लावून.

विद्वान मंडळी तरी बरी म्हणावीत, तर तसंही नाही. जुन्या लेखात कधी चालू वर्षाचा आकडा असतो, कधी सरलेल्या वर्षाचा. त्यामुळे एका वर्षाचा फरक पडतो. या एका वर्षावरून आमच्या ओळखीच्या दोन प्राध्यापकांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. परिसंवादात दोघांना शेजारी बसवलं की मधली खुर्ची रिकामी ठेवावी लागे. ज्या लेखावरून भांडण, तो लेख दोघांपैकी एकानंही जागेवर जाऊन पाहिला नव्हता. दोघंही मी घेतलेल्या ठशावरच भांडत होते.

अशा माणसांत तीस वर्षं काढली की समोर येणारा प्रत्येक जण एक तर लबाड नाही तर खुळा वाटायला लागतो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. त्याची किंमत दुसऱ्या कुणी तरी मोजली, ते आता सांगतो.

निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिली असतील. दुपारी जेवून टेबलाशी आलो तर बाहेरच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ बसलेले. इस्त्रीचा जुना सदरा, खिशाला दोन पेनं, मांडीवर फाईल. शिपायानं सांगितलं, सकाळी दहापासून बसलेत. नाव साळवे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. गाव चितेगाव ओलांडून पैठणच्या बाजूला, फाट्यानं आत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या वस्तीजवळ जुनी बारव होती, म्हणजे पायऱ्यांनी उतरायची दगडी विहीर. पहिल्या टप्प्यावर लेख असलेला दगड उभा होता. आणखी एक आला, एवढंच माझ्या मनात आलं. मी त्यांना आधीच बजावलं की शालिवाहनाचं नाव काढायचं असेल तर आल्या पावली परत जा.

गुरुजी म्हणाले, "साहेब, जुनं निघू द्या नायतर नवं निघू द्या. मला फक्त साल पायजे."

कारण असं होतं. गावात नवा रस्ता येत होता आणि त्याची आखणी बरोबर बारवेवरून होती. पलीकडच्या बाजूनं सरकवायचा तर एका वजनदार माणसाचा ऊस मध्ये येत होता, म्हणून कुणी तो विषय काढत नव्हतं. गुरुजींनी एकट्यानं काढला. रस्त्याच्या इंजिनिअरकडे खेटे घालून त्यांनी एक शब्द मिळवला होता: बारव अमुक सालची असं जुन्या वस्तूंच्या खात्यानं लेखी दिलं, तर रस्ता वीस फूट सरकवतो. मुदत पंधरा दिवसांची, त्यातले सहा गेले होते.

मी तिसऱ्या दिवशी गेलो. जीप मिळाली ती दुपारी चारपर्यंत परत आणायच्या बोलीवर. कारण त्या दिवशी कुणा बड्या पाहुण्यांचे नातेवाईक लेणी बघायला येणार होते आणि त्यांच्यापुढं हात बांधून उभं राहायला आमच्या साहेबांना मी हवा होतो. ते नातेवाईक पुढं लेण्यांत पंधरा मिनिटं थांबले, त्यातली दहा फोटोत गेली.

बारव चांगली होती. तिन्ही बाजूंनी पायऱ्या, कोनाडे, तळाशी हिरवं पण जितं पाणी. मे महिन्यातही आटत नाही, असं गुरुजी म्हणाले. वस्ती बौद्धांची, मोजकी घरं. नळ आलेला होता पण त्याला पाणी आठवड्यातून एकदा, बाकीचे दिवस बारव. वस्तीतली सगळी पोरं याच पाण्यात पोहायला शिकली, शिकवणारे गुरुजीच. मी दगड धुतला, कागद लावला, धोपटला. लेख यादवांच्या काळातल्या वळणाचा, मराठी. वरचा डावा कोपरा फुटलेला, पण बाकीच्या ओळी लागत होत्या. कुणा एका बाईनं ही विहीर बांधली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी मिळावं म्हणून. मी तसं मोठ्यानं वाचून दाखवलं.

गुरुजींनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "येणाऱ्याजाणाऱ्याला. माझ्या आजीला या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते, साहेब. वर उभं राहायचं, कुणी वाढलं तर न्यायचं. आन् दगडावर हे लिव्हलेलं व्हतं."

मला तेव्हा काही तरी वाटायला हवं होतं. मी घड्याळ बघत होतो.

त्यांनी साल विचारलं. मी सांगितलं, "साल वरच असतं, गुरुजी. वरचा कोपरा गेला, त्याच्याबरोबर साल गेलं."

हे मी अडाणीपणानं म्हणालो नाही. त्या काळच्या बहुतेक लेखांत आधी स्वस्ति श्री, मग शक, मग संवत्सराचं नाव, मग राजा, मग दान, आणि सगळ्यात खाली शिवी असा क्रम असतो. शिवी म्हणजे खरोखरची शिवी: हे दान जो मोडील त्याच्या आईचं अमुक होवो. पुष्कळदा खाली गाढवाचं चित्रही असतं, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. या दगडाचा खालचा हातभर भाग मातीत गाडलेला होता. तिथं अक्षरं असली तर शिवी असणार, आणि शिवीचा ठसा घेऊन कुणाचं भलं होणार, असा माझा तीस वर्षांचा हिशेब. कागद सुकल्यावर सोडवला, गुंडाळला आणि पावणेतीनला निघालो.

ठशावरून आमच्या साहेबांनी अहवाल केला. साहेब सावध माणूस. आयुष्यात त्यांनी एकही वाक्य 'आहे'वर संपवलं नाही. त्यांनी लिहिलं की लेख त्रुटित असून कालोल्लेख आढळत नाही, अक्षरवळणावरून यादवकालीन असावा. आमच्या धंद्यात अक्षराच्या वळणावरून पन्नास-शंभर वर्षं इकडंतिकडं सांगता येतं आणि ते पुरेसं मानतात. रस्त्याच्या कचेरीत ते पुरलं नाही. इंजिनिअरनं गुरुजींना अहवालातल्या 'असावा' या शब्दाखाली रेघ मारून दाखवली. आधीच त्याला उसातून जायचं नव्हतं, आम्ही त्याला आयती पळवाट दिली. महिन्याच्या आत बारवेत मुरूम पडला, वर खडी, वर डांबर. गुरुजींनी शेवटच्या दिवशी ट्रॅक्टर लावून तो दगड तेवढा उपसून घेतला, एवढं मला उडत उडत कळलं. मी त्यावर काही केलं नाही. ऑफिसात असे अहवाल रोज जात, आणि कुठल्याशा गावात कुठलीशी विहीर बुजत. पुढं मी निवृत्त झालो, पुंडलिकनगरच्या घरात बसून गच्चीवर शेवगा लावला.

गेल्या उन्हाळ्यात चितेगावच्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं. अक्षता टाकल्या, जेवलो. रिक्षा शोधत रस्त्यावर आलो आणि का कोण जाणे, रिक्षावाल्याला शहराऐवजी त्या फाट्याकडे घ्यायला सांगितलं. रस्ता गुळगुळीत होता. बारवेची जागा मला ओळखू आली नाही. तिथं रस्त्याला बारीकसा उंचवटा आहे, तेवढाच.

दगड वस्तीतल्या विहाराच्या अंगणात होता, सिमेंटच्या ओट्यावर, पूर्ण उभा. मातीत होता तो खालचा भाग आता मोकळा होता, आणि माती अंगावर असल्यामुळे तिथली अक्षरं वरच्यापेक्षा चांगली राहिली होती. गाढव नव्हतं. शिवी नव्हती. तीन ओळी होत्या. राजाचं नाव, त्याच्या राज्याचं वर्ष, शक आकड्यांत, संवत्सराचं नाव आणि महिना. त्या पाथरवटानं आधी बाईचं दान सांगितलं आणि साल शेवटी टाकलं. त्याला माझा क्रम ठाऊक नव्हता. मी उभ्या उभ्या बारा मिळवले, साठनं भागलं. बाकी बरोबर उरली. एवढं पक्कं, एवढं स्वच्छ साल मला सबंध नोकरीत फार थोड्या दगडांवर मिळालं. 'असावा' लिहायला कुठं जागाच नव्हती.

गुरुजी तेवढ्यात आले. वाकले होते, पण ओळखलं लगेच. काय झालं ते मी त्यांना सांगितलं, शब्द न चोरता. दगड इतकी वर्षं अंगणात होता, पण त्या वळणाची अक्षरं वाचणारं गावात कुणी नव्हतं, आणि आमच्या खात्यात पुन्हा यावंसं त्यांना वाटलं नव्हतं. ते आत जाऊन वही घेऊन आले, माझ्यापुढं धरली आणि सगळं लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं.

उन्हं कलली होती, चारदोन बाया अंगणात येऊन बसल्या. त्यांच्यात अनुसयाबाई म्हणून एक म्हातारी होती, गुरुजींची लांबची चुलती. तिच्या मांडीला बिलगलेल्या पोरीचं वय मी काही तरी बोलायचं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "बारव बुजली त्या सालातली हाय."

हजारो वर्षांपूर्वी बाबिलोनची माणसं वर्षाला असंच नाव देत: अमका कालवा खणला ते वर्ष, अमका तट बांधला ते वर्ष. मी हे पुस्तकात वाचलं होतं आणि चार व्याख्यानांत टाळ्यांसाठी सांगितलंही होतं. या वस्तीत ती रीत चालू होती. फरक एवढाच की इथल्या सालाचं नाव मी ठेवलं होतं, आणि ते बुजवण्याचं होतं.

गुरुजींनी बायांना लेख वाचून दाखवायला सांगितला. मी सगळा वाचला, दानापासून सालापर्यंत. आजपर्यंत पावणेआठशेच्या आसपास वर्षं होतात, असं सांगितलं. अनुसयाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "इतकी जुनी व्हती? मंग बुजीवताना कामून कुणी सांगितलं नाय?"

मी तोंड उघडलं होतं. पण गुरुजी आधी बोलले. "तवा हे मातीत व्हतं, काकू. कुणालाच दिसत नव्हतं."

म्हातारीनं मान हलवली, तिचं समाधान झालं. बाया उठल्या. गुरुजींनी माझ्यासाठी चहा मागवला, आणि मी तो प्यायलो.

या लेखासाठी संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले होते. ते वर दिले आहेत, लबाडांचे आणि खुळ्यांचे. हा एक मात्र त्या म्हातारीसाठी लिहितो, कारण तिथं मला बोलता आलं नाही. मातीत होतं हे खरं. पण त्या दुपारी मी कागद गुंडाळत असताना गुरुजी म्हणाले होते, "थांबा, घरून कुदळ आणतो, दहा मिनिटांचं काम." मी नको म्हणालो.